पॅनेलमागचा फळा

सप्टेंबर २०२२. गणपती होऊन गेले होते, घटक चाचणी दोन दिवसांवर आली होती. दुपारच्या अधिवेशनाची फेरी मारताना मी नववी ‘ब’च्या दाराशी थबकले. भिंतीवर ७५ इंची नवंकोरं स्मार्ट बोर्डचं पॅनेल होतं, पण बंद. त्याच्या उजवीकडे जुन्या फळ्याची जेमतेम अडीच फुटांची पट्टी उरली होती आणि त्या पट्टीत गणिताच्या बाई समांतरभुज चौकोनाची सिद्धता बारीक अक्षरात कोंबत होत्या. शेवटच्या दोन ओळींसाठी त्या अक्षरशः उकिडव्या बसल्या. मागच्या बाकांवरची मुलं उभी राहून, माना वाकड्या करून वहीत उतरवत होती.

मी काहीच विचारलं नाही. तास संपल्यावर बाईच बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “बाई, आत्ता चाचणी आहे. ती झाली की वापरते ना.”

गृहपाठ न केलेलं पोर बोलतं तसा सूर होता. वीसेक वर्षं भूमिती शिकवणाऱ्या, जिच्या हातचं वर्तुळ कंपासशिवाय गोल येतं अशा शिक्षिकेचा. मी या शाळेची पर्यवेक्षिका. पॅनेल कुठे लावायचं त्या कागदावर माझी सही आहे. म्हणून ही हकीकत लिहिताना दोष आधी माझ्याकडे घेते.

पॅनेल का आलं

आमची शाळा लालबाग-परळच्या पट्ट्यात आहे. अनुदानित, मराठी माध्यमाची, आता सेमी-इंग्रजीची एकेक तुकडी असलेली. सकाळी प्राथमिक, दुपारी माध्यमिक. खोल्या त्याच, बाक तेच, फळेही तेच. १९८२ च्या गिरणी संपाआधी इथे एकेका इयत्तेच्या पाच-पाच तुकड्या होत्या, असं जुने शिक्षक सांगतात. पुढे गिरण्या गेल्या, चाळीतली घरं विकून लोक दिवा-बदलापूर-विरारकडे सरकले. जे राहिले त्यांतल्या ज्यांना परवडलं त्यांनी मुलांना इंग्रजी शाळेत घातलं. आता दोन तुकड्या भरतात, आणि दुसरी भरेल ना, याची दर जूनमध्ये धाकधूक असते. पट घसरला की संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या सरकारी मंजुरीत, पद कमी होतं आणि कुणीतरी सहकारी ‘अतिरिक्त’ ठरून दुसऱ्या शाळेत समायोजनाची वाट बघत बसतो.

तेव्हा स्मार्ट बोर्ड आणण्यामागे अध्यापनशास्त्राचा काही खोल विचार होता, असं मी म्हणणार नाही. प्रवेशाच्या दिवसांत पालक विचारायचे, “तुमच्याकडे स्मार्ट बोर्ड आहे का?” दोन गल्ल्या सोडून असलेल्या इंग्रजी शाळेत तो होता. हे कारण मला कमीपणाचं वाटत नाही. वर्गात मुलंच नसतील तर अध्यापनशास्त्र कोणाला शिकवायचं?

शिवाय हवाही तशीच होती. महापालिकेने २०१५ मध्ये आपल्या शाळांतल्या आठवीच्या मुलांना टॅब दिले, तेव्हापासून आमच्या शिक्षक-खोलीत ‘आपल्याकडे कधी’ हा विषय निघत असे. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा डिजिटल झाल्याचं सगळ्यांनी वाचलं होतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्राने ‘ऑपरेशन डिजिटल बोर्ड’ची घोषणा केली. मग करोनाची दोन वर्षं गेली. मोबाइलवर वर्ग भरवून सगळेच थकले, आणि शाळा उघडताच माजी विद्यार्थ्यांच्या एका बॅचने स्नेहसंमेलनात चार पॅनेल देण्याचं जाहीर करून टाकलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

एक गोष्ट जाता जाता. ‘स्मार्ट बोर्ड’ हे मुळात एका कॅनेडियन कंपनीने १९९१ मध्ये आणलेल्या फळ्याचं नाव. आपल्याकडे दंतमंजनाला कोलगेट आणि छायाप्रतीला झेरॉक्स म्हणतात, तसं ते आता सगळ्यांचंच झालं आहे. जुन्या प्रकारात पांढरा फळा, समोर प्रोजेक्टर आणि जोडलेला संगणक असे तीन जिन्नस लागत. हात आडवा आला की सावली पडे, प्रोजेक्टर जरा हलला की बोट एकीकडे आणि रेघ दुसरीकडे उमटे. मग कोपऱ्यांतल्या खुणांवर बोट टेकवून त्याला पुन्हा वळणावर आणावं लागे. आमच्याकडे आलं ते नव्या प्रकारचं पॅनेल, म्हणजे भला मोठा टीव्हीच. फरक एवढाच की चौकटीच्या कडांतून अवरक्त किरणांची अदृश्य जाळी काचेसमोर पसरलेली असते. बोट ती जाळी कुठे तोडतं त्यावरून यंत्राला जागा कळते. हे नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

निर्णयांचा क्रम असा झाला: आधी घोषणा, मग विक्रेता, मग भिंत, मग वायरमन. शिक्षकांना विचारलं ते सगळ्यांत शेवटी, आणि तेही ‘ट्रेनिंग शनिवारी ठेवू का’ एवढंच. फळ्याचं काय करायचं, असं विक्रेत्याच्या माणसाने विचारलं तेव्हा देणगीदारांपैकी एक जण हसून म्हणाले, “आता कशाला हवाय तो?” इमारत जुनी, दगडी. पन्नास किलोंच्या पुढचं वजन कुठे टांगायचं हा खराच प्रश्न होता. फळ्यामागची भिंत त्यातल्या त्यात सरळ आणि भक्कम निघाली, म्हणून पॅनेल फळ्यावरच डावीकडे सरकवून ठोकलं. मला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही.

पहिले तीन महिने

ट्रेनिंगच्या दिवशी विक्रेत्याच्या मुलाने धडधडणारं त्रिमितीय हृदय दाखवलं, डायनासोर फिरवला, बोटाने काढलेल्या वेड्यावाकड्या वर्तुळाचं सुबक वर्तुळ करून दाखवलं. दोन तासांत सगळे भारावले. सोमवारी विज्ञानाच्या बाईंनी मोठ्या हौसेने पॅनेल सुरू केलं आणि लिहायला वळल्या तोच त्यांच्या पदराने पडद्यावर एक लांबलचक लाल रेघ ओढली. वर्ग खो-खो हसला. किरणांची जाळी बोट आणि पदर यांत भेद करत नाही. बांगड्या, ओढणी, बाही, काचेवर बसलेली माशी, तिला सगळंच बोट. त्या दिवसापासून बाई पदर खोचून शिकवायला लागल्या. आठवड्याभराने त्यांनी पॅनेल लावणंच सोडलं.

बाकीच्या तक्रारी हळूहळू जमा झाल्या. आमच्या वर्गांना हवेसाठी मोठाल्या खिडक्या आहेत. दुपारी तीननंतर पश्चिमेचं ऊन आत येतं आणि डावीकडच्या दोन रांगांना पडद्यावर खिडकीच दिसते. पडदे ओढले तर ऑक्टोबरच्या उकाड्यात पन्नास मुलं घामाने निथळतात. फळ्यावरची ट्यूबलाइट काचेवर पांढरा पट्टा उमटवते, ती काढली तर उरलेल्या फळ्याच्या पट्टीवरचं दिसत नाही. खडूची पूड चौकटीच्या खालच्या कडेत साठली की यंत्राला भास व्हायला लागतात, कुणी हात न लावता पान उलटतं. आठवीच्या मुलांनी त्याला ‘भूत’ असं नाव ठेवलं.

पॅनेलची खालची कड चार फुटांवर होती, ‘मुलांचा धक्का लागू नये म्हणून’. सकाळच्या पाचवीतल्या मुलीचा हात तिथे पडद्याच्या निम्म्यापर्यंतही जाईना. म्हणजे मुलांनी हात लावावा म्हणून घेतलेली वस्तू आम्ही मुलांचा हात पोचू नये अशा उंचीवर लावली होती.

सोबत आलेल्या धड्यांबद्दल फार लिहीत नाही. आवाज मराठीच होता, पण तो बातम्या वाचणाऱ्याचा. पाठांचा क्रम बालभारतीच्या पुस्तकाशी जुळत नव्हता, आणि काही शिक्षक चित्रफीत लावून वह्या तपासायला बसत. यात त्यांना बोल लावायला माझी जीभ उचलत नाही. त्या वह्याही त्यांनाच तपासायच्या असतात.

या प्रत्येक गोष्टीवर काही ना काही उपाय होता आणि आम्ही तो शोधतही होतो. तरी पॅनेल बंदच राहत होती. खरं कारण कळलं ते त्या अडीच फुटांच्या पट्टीमुळे.

फूटपट्टी घेऊन

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या एका शनिवारी गणिताच्या बाई, भूगोलाचे सर आणि मी नववी ‘ब’च्या रिकाम्या वर्गात फूटपट्टी घेऊन बसलो. जुना फळा आठ बाय चार फुटांचा, म्हणजे साधारण २४४ बाय १२२ सेंटिमीटर. ७५ इंची पॅनेलचा पडदा १६६ बाय ९३. क्षेत्रफळ काढलं तर पडदा फळ्याच्या निम्म्याहून जरासा मोठा. बाई म्हणाल्या, “निम्मा तर निम्मा, पण निम्मंसुद्धा मावत नाही त्यात.”

मग सरांना शेवटच्या बाकावर बसवलं आणि पडद्यावर वेगवेगळ्या मापाची अक्षरं लिहून पाहिली. सरांना चष्मा आहे, मुलांतही पुष्कळांना असायला हवा पण नाही. सहा सेंटिमीटरचं अक्षर त्यांनी न अडखळता वाचलं. त्याहून लहान असलं की ‘ध’ आणि ‘घ’ यांत गफलत होत होती. सहा सेंटिमीटर हे नुसतं अक्षर. त्यावर मात्रा, वेलांटी, रफार. खाली उकार, ऋकार. ओळीला ओळ भिडू नये तर एका ओळीला बारा सेंटिमीटर तरी हवेत. ९३ ला १२ ने भागलं तर सात ओळी येतात. वरखाली साधनांच्या पट्ट्या असतात, त्यांनी आणखी एक ओळ खाल्ली. उरल्या सहा.

फळ्यावर त्याच अक्षरात दहा ओळी बसतात, आणि रुंदी एवढी की दोन रकाने सहज होतात. एकीकडे आकृती, दुसरीकडे पक्ष, साध्य, सिद्धता. म्हणजे वीस छोट्या ओळी एका वेळी मुलांच्या डोळ्यांसमोर. पडद्यावर सहा. सातवी लिहायची तर पान उलटायचं.

पान उलटणं हीच ती गोम. विक्रेत्याने तेच मोठं वैशिष्ट्य म्हणून सांगितलं होतं: कितीही पानं, पुसायची गरज नाही. पण आमच्या वर्गात मूल शिकतं ते बरंचसं उतरवून घेत. सगळी मुलं एका वेगाने लिहीत नाहीत. बाई तिसऱ्या पायरीवर असताना पुढच्या बाकावरची मुलगी त्यांच्यासोबत असते आणि शेवटच्या बाकावरचा मुलगा अजून आकृतीला नावं देत असतो. फळ्यावर त्याचं काही अडत नाही. पहिली पायरी तास संपेपर्यंत तिथेच असते, तो आपल्या चालीने येतो. पडद्यावर बाईंनी पान उलटलं की त्याच्यासाठी ती पायरी गेली. तो विचारत नाही. आमच्याकडची मुलं विचारत नाहीत. शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो, आणि मग बाई ओरडतात.

फळ्यावर खडूने लिहायला बाईंना जेवढा वेळ लागतो जवळपास तेवढाच मुलांना वहीत उतरवायला लागतो. हा मेळ कुणी ठरवून घातलेला नाही, पण शंभर वर्षं तो वर्ग चालवत आला आहे. तयार पान एका बोटाने पुढे आणणाऱ्या यंत्राने तो मोडला. चाचणी तोंडावर आल्यावर बाई अडीच फुटांच्या पट्टीकडे का वळल्या, ते मला त्या शनिवारी कळलं. त्यांना तंत्रज्ञानाची भीती नव्हती. घरी त्या आपल्या मुलाच्या लॅपटॉपवर जिओजेब्रा हे भूमितीच्या आकृत्या काढून हलवता येणारं सॉफ्टवेअर वापरत होत्या, मला हेही तेव्हाच कळलं.

पुढे वाचताना लक्षात आलं की या वाटेने दुसरेही गेले आहेत. ब्रिटनने २००० नंतरच्या दशकात शाळांमध्ये असे फळे सरकारी पैशाने मोठ्या प्रमाणावर बसवले. लंडनच्या माध्यमिक शाळांमधल्या प्रयोगाचं मूल्यमापन तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनने केलं, त्याचा अहवाल २००७ मध्ये आला. पहिल्या वर्षात इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाच्या गुणांत फळ्यामुळे वाढ झालेली त्यांना आढळली नाही. त्यातलं एक निरीक्षण वाचून मी पेन्सिलने रेघ मारली: मागे पडणाऱ्या मुलांच्या वर्गांत एकेक मूल उठून फळ्यापर्यंत जाण्यात सगळ्या वर्गाची गती उलट मंदावू शकते. आमचा तास ३५ मिनिटांचा. पॅनेल सुरू होऊन हवं ते पान उघडायला तीन-चार मिनिटं. त्यात पन्नास जणांपैकी पाच जण जरी बाकांच्या फटीतून वाट काढत पुढे आले, तरी शिकवायला काय उरतं?

काय बदललं

सुट्टीत दोन वर्गांतली पॅनेल उतरवली. यावर देणगीदारांपैकी एकाने मला फोन करून चांगलंच सुनावलं, “बाई, आम्ही पुढे न्यायला दिलं, तुम्ही मागे नेताय.” त्यांनी मला बाई म्हटलं कारण ते माझ्या हाताखालून गेलेत. म्हणून मी ऐकून घेतलं आणि कामही थांबवलं नाही.

फळा मोकळा केला. पॅनेल खिडकीकडच्या कोपऱ्यात, फळ्याशी थोडं कोन करून, खिडकीला पाठ येईल असं बसवलं. त्यामुळे ऊन काचेवर पडेनासं झालं. तिथली भिंत कच्ची होती, म्हणून खाली लोखंडी पाय दिले. खालची कड अडीच फुटांवर आणली. कोरड्या डस्टरऐवजी ओलं फडकं ठेवलं, कडा रोज पुसायची पाळी दोन मुलांकडे दिली, आणि ‘भूत’ बऱ्यापैकी गेलं. उरलेल्या दोन वर्गांत काहीच केलं नाही. पैसे नव्हते, आणि सगळीकडे एकदम काही करण्याचा अनुभव ताजा होता.

मग पॅनेल वापरायला दोघांनाच सांगितलं, गणिताच्या बाई आणि भूगोलाचे सर. बाकीच्यांना सक्ती नाही, वापराची नोंदवही नाही. (नोंदवही आधी होती. सगळे शिक्षक रोज ‘वापरले’ असं लिहीत होते.)

बाईंनी स्वतःसाठी एक विभागणी केली: हलतं ते पॅनेलवर, राहतं ते फळ्यावर. दहावीला वर्तुळाच्या प्रकरणात एक प्रमेय आहे, एकाच कंसात अंतर्लिखित झालेले कोन एकरूप असतात. फळ्यावर हे दाखवायचं तर बाई तीन-चार कोन काढत, आणि मुलं त्या तीन-चारांवर विश्वास ठेवत. आता पॅनेलवर वर्तुळ, जीवा, वर्तुळावरचा बिंदू. बाई एका मुलाला बोलावतात, तो बिंदू बोटाने कंसावर फिरवतो. कोन लांबट होतो, आखूड होतो, कलतो, पण शेजारचा आकडा ढिम्म हलत नाही. मग बिंदू जीवेच्या पलीकडे जातो आणि आकडा एकदम बदलतो. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, “परत मागे ने, परत ने!” दोन्ही आकड्यांची बेरीज १८० येते हे एका मुलीने बाईंच्या आधी सांगितलं. चक्रीय चौकोनाचं प्रमेय पुढच्या आठवड्यात येणार होतं, ते मुलीने तिथेच पकडलं. एवढं झालं की बाई पॅनेलकडे पाठ करतात, खडू घेतात आणि सिद्धता फळ्यावर लिहितात. ती तास संपेपर्यंत तिथे असते.

जिओजेब्रा मोफत आहे. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियात साल्झबुर्ग विद्यापीठात शिकताना ते सुरू केलं. संगणकावर उतरवून घेतलं की इंटरनेटही लागत नाही. आमच्या दगडी भिंतींतून वाय-फाय पलीकडच्या वर्गात पोचत नाही, त्यामुळे हे महत्त्वाचं. भूगोलाच्या सरांची गोष्ट वेगळी. त्यांनी पॅनेलवर फक्त नकाशे ठेवले आणि आपला जुना गुंडाळीचा नकाशाही टांगून ठेवला. उपग्रहाच्या चित्रात ते शिवडीची खाडी आणि मिठागरं दाखवतात. मुलं आपली चाळ शोधतात. त्यात पाच मिनिटं जातात आणि सर ती जाऊ देतात.

पण सगळ्यांत उपयोगाची गोष्ट कुणाच्याच योजनेत नव्हती. एकदा बाईंनी एका मुलाच्या वहीतलं चुकलेलं उदाहरण त्याला विचारून मोबाइलवर टिपलं आणि नाव झाकून पॅनेलवर मोठं केलं. वर्गाला विचारलं, “गाडी कुठे घसरली?” एकेक पायरी वाचत मुलं तिसऱ्या ओळीवर थांबली, कंस सोडवताना वजा चिन्ह आतल्या दुसऱ्या पदापर्यंत पोचलंच नव्हतं. बाईंनी तिथे लाल गोल केला. मग अर्ध्या वर्गाने आपापल्या वहीत बघितलं आणि पुष्कळांकडे तीच चूक सापडली. आता आठवड्यातून एकदा हा तास असतो. आपली वही लावावी म्हणून मुलं मागे लागतात. चुकलेली वही, हे विशेष. फळ्यावर हे जमत नाही. मुलाचं स्वतःचं अक्षर, त्याची खाडाखोड, समासातली बेरीज, हे सगळं तसंच्या तसं पन्नास जणांसमोर आणणं हे पॅनेललाच जमतं. आणि त्याला त्रिमितीय हृदय लागत नाही.

ल, श आणि श्रीलिपी

सकाळच्या प्राथमिक विभागाची अडचण आमच्या लक्षातही आली नसती. पहिलीच्या बाईंनी पॅनेलवर टाइप केलेला ‘लसूण’ दाखवून विचारलं, “हा ल मी शिकवते का?” पडद्यावरचा ल हिंदी वळणाचा होता. श सुद्धा. राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालेविषयीच्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श सांगितला आहे, पाठ्यपुस्तकात तोच असतो, मुलं तोच गिरवतात. काही फाँटांत दोन्ही वळणं असतात, पण भाषा म्हणून ‘मराठी’ निवडली तरच आपलं वळण येतं, आणि पॅनेलमधलं लिहिण्याचं ॲप भाषा विचारतच नव्हतं. मोठ्यांना हा फरक किरकोळ वाटेल. सहा वर्षांच्या मुलाला ती दोन वेगळी अक्षरं वाटतात. त्या बाईंनी टाइप करणं सोडून दिलं, त्या बोटाने मोठं अक्षर काढतात आणि मुलांकडून त्यावरूनच गिरवून घेतात. खालची कड अडीच फुटांवर आल्याचा खरा फायदा त्यांच्या वर्गाला झाला.

दुपारच्या शिक्षकांचा प्रश्न वेगळा. वर्षानुवर्षांच्या प्रश्नपत्रिका, टिपणं, सगळं श्रीलिपी या जुन्या फाँटांतलं, कुठल्याही यंत्रावर अक्षरं सारखी दिसणारं युनिकोड येण्याच्या आधीच्या सवयीचं. पॅनेलवर उघडलं की नुसती चिन्हांची जत्रा. संगणकाच्या बाई एकेक फाइल बदलून देत बसल्या. ते काम कुणाच्याही कामाच्या यादीत नव्हतं आणि त्याचं कुणी कौतुकही केलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

किल्ली आणि पैसा

पॅनेलला आम्ही कुलूपबंद झडप केली होती. किल्ली शिपाई काकांकडे. काका बँकेत गेले की चार वर्गांचं तंत्रज्ञान बँकेत. जानेवारीत मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, किल्ल्या वर्गशिक्षकांकडे दिल्या. सकाळ आणि दुपार यांच्यात ‘कोणी काय बिघडवलं’ हा वाद त्यानंतर वाढला, हे खरं. तो अजून चालू आहे.

विजेच्या बिलाचा धसका व्यवस्थापनाने घेतला होता, तो फुकटचा निघाला. पॅनेलच्या पाठीवरच्या माहितीपट्टीवर ३०० वॅटच्या आसपास आकडा आहे. रोज पाच तास चाललं तरी दीड युनिट. खर्च झाला तो दुसरीकडे. जुन्या वायरिंगला अर्थिंग नव्हतं. ते न करता पॅनेल जोडणं धोक्याचं, असं वायरमनने स्पष्ट सांगितलं आणि त्याचा खर्च देणगीत धरलेला नव्हता. लोखंडी पाय, झडपा, उतरवून पुन्हा बसवण्याची मजुरी, यांतलं काहीच धरलेलं नव्हतं. हमीची मुदत संपली की देखभालीचा करार शाळेने करायचा. आमच्यासारख्या शाळेला वेतनेतर अनुदानातून खडू आणि झाडू निघतात, तेव्हा हा करार कशातून निघणार ते व्यवस्थापनाच्या प्रत्येक सभेत विषयपत्रिकेवर असतं आणि वेळेअभावी पुढे ढकललं जातं.

आज

गुण वाढले का, असं मला विचारतात. पॅनेलमुळे वाढले असं म्हणायला माझ्याकडे आधार नाही. दोनच वर्ग, त्यातही शिकवणारे मुळातच चांगले. प्रवेश वाढले का, तर पुढच्या जूनला दुसरी तुकडी भरली. फाटकावर लावलेल्या ‘डिजिटल वर्ग’ या फलकाने भरली की नाक्यावरची दुसरी मराठी शाळा बंद झाली म्हणून, ते सांगता येत नाही.

ज्या दोन वर्गांत आम्ही काही बदललं नाही, तिथलं एक पॅनेल आता चित्रफितींपुरतं वापरात आहे. चौथ्या वर्गातल्या इतिहासाच्या सरांनी ते एकदाही सुरू केलेलं नाही. सर गोष्ट सांगायला लागले की वर्गात टाचणी पडलेली ऐकू येते. त्यांना मी काही बोलले नाही. त्यांच्या वर्गातला फळा मात्र अजून पॅनेलमागेच आहे आणि सर अडीच फुटांच्या पट्टीत सनावळ्या लिहितात.

या वर्षीच्या स्नेहसंमेलनानंतर त्याच बॅचने आणखी दोन पॅनेल देऊ केली. मी त्यांना पत्र लिहिलं: पॅनेल नकोत. त्याऐवजी उरलेल्या दोन वर्गांतली पॅनेल हलवायचा खर्च, चार वर्गांचं अर्थिंग पूर्ण करून, वहीचं पान थेट पडद्यावर दाखवणारे दोन कॅमेरे, आणि सगळ्या फळ्यांना रंग. पत्रावर मोठ्या बाईंनीही सही केली.

उत्तर अजून आलेलं नाही. रंगाचा डबा मी लालबागच्या बाजारातून घेऊन आले आहे, नाताळच्या सुट्टीत शिपाई काका लावणार आहेत.